चाकणचं लाइट बिल

जेनसोल इंजिनिअरिंग या कंपनीवर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, काढलेला अख्खा आदेश अण्णांनी वाचला नव्हता. मी काढून आणलेल्या प्रिंटमधलं एकच पान त्यांच्या हाती लागलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे बिल महिन्याचं का दिवसाचं ओ?"

महिन्याचं होतं. १,५७,०३७ रुपये आणि वर एक पैसा. डिसेंबर २०२४, महावितरण, जेनसोलचा चाकणचा इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना. तपासणीआधीच्या बारा महिन्यांतलं सगळ्यांत मोठं बिल हेच.

"मग इथं गाड्या होत न्हाईत," असं म्हणून त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं आणि चहाची बशी उचलली.

सोलापूरच्या नव्या पेठेत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या एका रविवारी आम्ही नऊ-दहा जण बसतो. मी कर सल्लागार. दोन सीए, आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी करणारी चार-पाच पोरंपोरी, एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले एक साहेब, आणि अण्णा. अण्णांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. शिक्षण दहावी, पण ताळेबंद वाचायला बसले की आमच्यातले दोघे-तिघे आपसूक गप्प होतात. एकेका बैठकीला एकेक प्रकरण घेतो. या खेपेला घेतलं होतं जेनसोल इंजिनिअरिंग आणि ब्लूस्मार्ट. कंपन्या अहमदाबाद-दिल्लीच्या, त्यांचा सोलापूरशी संबंध नाही. तरी हे प्रकरण आमच्या गावाला लवकर कळतं असं मला त्या दिवशी वाटलं. आमच्याकडे इलेक्ट्रिक गाड्या बनत नाहीत, पण मशीनवर कर्ज काढणारे आणि मशीन न आणता कर्ज काढणारे, असे दोन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या बघितलेले आहेत.

गाडी चांगली होती

आधी चांगल्याबद्दल बोलू, कारण प्रकरण बाहेर आल्यावर सगळं पहिल्यापासूनच खोटं होतं असं बोलायची पद्धत आहे. तसं नव्हतं.

अनमोलसिंग जग्गी आणि पुनीतसिंग जग्गी या भावांची जेनसोल २०१२ ची. काम सौर प्रकल्पांचा सल्ला आणि उभारणी. २०१९ मध्ये कंपनी मुंबई शेअर बाजाराच्या लघुउद्योग विभागात आली, २०२३ मध्ये मुख्य बाजारात. २०१६-१७ ला तिची उलाढाल ६१ कोटी होती, २०२३-२४ ला १,१५२ कोटी. नफा २ कोटींवरून ८० कोटी. ब्लूस्मार्टची टॅक्सी सेवा २०१९ च्या सुरुवातीला दिल्ली परिसरात निघाली, पुढे बेंगळुरूला गेली. सगळ्या गाड्या विजेवरच्या.

मी दिल्लीत एकदा बसलोय त्यात. पहाटे विमानतळावर जायचं होतं, आदल्या रात्री गाडी सांगून ठेवली. सोलापुरी माणूस रेल्वेलासुद्धा तासभर आधी जातो, त्यामुळे मी साडेतीनपासून फाटकात उभा. गाडी ठरल्या वेळेला आली. "कॅश द्या, मग येतो" नाही, "एसी लावला तर जास्त" नाही, ऐनवेळी रद्द करणं नाही. भाडं आदल्या रात्री दाखवलं तेवढंच लागलं. दिल्लीकर या सेवेवर का जीव टाकत होते ते त्या पाऊण तासात कळलं.

पण ही सोय आली कुठून? उबर-ओला सहसा स्वतः गाडी घेत नाहीत. गाडी चालकाची, हप्ता चालकाचा, पंक्चरही त्याचंच. कंपनी मधल्यामध्ये कमिशन घ्यायची. ब्लूस्मार्टच्या गाड्या कंपनीच्या ताब्यात असायच्या, चार्जिंगची ठिकाणं कंपनीची, चालक तिथून गाडी घ्यायचा आणि पाळी संपली की परत लावायचा. म्हणून भाडं नाकारणं त्याच्या हातात नव्हतं. ग्राहकाचं सुख त्यातून आलं. खर्चही त्यातूनच आला. विजेची टॅक्सी चालवायला स्वस्त आणि विकत घ्यायला महाग. डिझेलच्या गाडीचा खर्च ती धावेल तसा होतो, हिचा आधीच होऊन बसलेला असतो. गाडी धावो न धावो, कर्जाचा हप्ता चालूच. इथे डिझेल म्हणजे व्याज.

मग गाड्या घ्यायच्या कुणी? तर जेनसोलने. शेअर बाजारात नोंदलेली सौर कंपनी कर्ज काढून गाड्या घेणार, आणि त्या ब्लूस्मार्टला भाड्याने देणार. दोन्हीकडे प्रवर्तक तेच जग्गी भाऊ.

मला विचाराल तर प्रकरण इथेच फिरलं. सेबीचा आदेश खूप पुढची गोष्ट. भाडं देणारा आणि घेणारा एका ताटात जेवत असतील तर भाडं किती असावं हे बाजार ठरवत नाही. ब्लूस्मार्ट वाढली की जेनसोलच्या पुस्तकात गाड्या वाढतात, गाड्या वाढल्या की भाड्याचं उत्पन्न वाढतं, उत्पन्न वाढलं की शेअर वाढतो, शेअर वाढला की पुढचं कर्ज सोपं. आणि भाडेकरूला भाडं झेपतंय का, हा सवाल कोणी विचारायचा? घरमालकाने विचारायचा. तो कशाला विचारेल?

एक सीए मित्र इथे माझ्याशी भांडले. त्यांचं म्हणणं, असे संबंधित व्यवहार निम्म्या देशात चालतात, ते उघड केले की झालं. मी म्हणालो, उघड केल्याने ते कळतात, झेपतात असं नाही. तो वाद तिथेच राहिला.

पैसा कोणत्या वाटेने गेला

आता आकडे. ते सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या अंतरिम आदेशातले आहेत, म्हणजे प्रथमदर्शनी निष्कर्ष. तरी बँकेचे उतारे हे बँकेचे उतारे असतात.

जेनसोलने इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन (पीएफसी) या दोन सरकारी वित्तसंस्थांकडून ९७७.७५ कोटींची मुदत कर्जं घेतली. त्यांतले ६६३.८९ कोटी ६,४०० इलेक्ट्रिक गाड्यांसाठी होते. वीस टक्के मार्जिन कंपनीने स्वतःचं घालायचं. एकूण ८२९.८६ कोटींच्या गाड्या यायला हव्या होत्या. कंपनीनेच नंतर कबूल केलं की गाड्या आल्या ४,७०४, आणि त्यांची किंमत पुरवठादाराच्या म्हणण्यानुसार ५६७.७३ कोटी.

फळ्यावर वजाबाकी केली. २६२.१३ कोटी. शेवटचा हप्ता मिळून वर्ष उलटून गेलं होतं तरी या रकमेचा हिशेब नव्हता.

आर्टिकलच्या एका पोराने बरोबर शंका काढली. वित्तसंस्था पैसे कर्जदाराच्या हातात मोकळे सोडत नाहीत, विक्रेत्याला देतात. मग पळवाट कुठे?

यावर बँकवाले साहेब पहिल्यांदा पुढे सरकून बसले. म्हणाले, "विक्रेत्यालाच दिले ना! तिथंच तर गंमत आहे." आमच्याकडे माग घ्यायचा तर कोटेशन लागतं. बँक कोटेशनप्रमाणे विक्रेत्याच्या नावाने पैसे काढते, कागद चोख होतो. पण विक्रेता आपला असेल तर दहाचं मशीन बाराचं होतं आणि वरचे दोन संध्याकाळी मागच्या दाराने घरी येतात. त्यातूनच कर्जदाराचं मार्जिनही भरलं जातं. म्हणजे स्वतःचा रुपया न घालता मशीन. कधी कधी मशीनही नाही. जुन्याच मागाची पाटी खरवडून नवा हिरवा रंग मारलेला साहेबांनी नोकरीत बघितला होता. रंग ओला होता, म्हणाले.

जेनसोलमध्ये पैसे गेले गो-ऑटो या गाड्यांच्या विक्रेत्याकडे. एक साखळी आदेशात दिवसवार दिली आहे, ती मी फळ्यावर काढली. सप्टेंबर २०२२. इरेडाकडून जेनसोलच्या खात्यात ७१.४१ कोटी आले. त्यात कंपनीने आपली रक्कम मिळवली आणि ९३.८८ कोटी गो-ऑटोला गेले. गो-ऑटोने त्यातले ५० कोटी कॅपब्रिज नावाच्या, प्रवर्तकांशी संबंधित भागीदारी संस्थेला दिले. कॅपब्रिजने पुढे ४२.९४ कोटी डीएलएफला दिले, गुरुग्रामच्या 'द कॅमेलियाज' संकुलातल्या सदनिकेसाठी.

खोली शांत झाली. मग अण्णा: "म्हणजे गाडीच्या लोनवर फ्लॅट."

तेवढंच. आदेशाची पानंच्या पानं या चार शब्दांत बसतात. दुसऱ्या एका वाटेने गेलेल्या पैशातून २६ लाखांचं गोल्फचं साहित्य घेतल्याची नोंदही त्यात आहे. पोरं त्यावर जास्त हसली. मला ते हसणं पटलं नाही. वर्तमानपत्रांनीही गोल्फची काठी मथळ्यात घेतली आणि २६२ कोटी पोटात घातले. माणसाला लाखाची चैन दिसते, कोटीची वाट दिसत नाही.

पत्र कोणाच्या हातून आलं

हप्ते थकू लागले तेव्हा ते पतमानांकन संस्थांना, म्हणजे कर्जदाराची पत जोखून श्रेणी देणाऱ्यांना, कळायला हवं होतं. त्या दर महिन्याला कंपनीकडून लिहून घेतात की सगळी देणी वेळेवर भरली. शिवाय कर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र लागतं, या कर्जदाराचं वर्तन ठीक आहे, थकबाकी नाही. जेनसोलने इरेडा आणि पीएफसीच्या नावाची अशी पत्रं दिली. पुढे त्या दोन्ही संस्थांकडे विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, ही पत्रं आम्ही दिलेलीच नाहीत. मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात केअर आणि इक्रा या दोघींनीही मानांकन थेट 'डी' वर आणलं, म्हणजे कर्जबुडवी श्रेणी. वरून एकेक पायरी उतरणं नाहीच, जिन्यावरून पडणं.

साहेब इथे जरा चिडले. त्यांच्या काळात दुसऱ्या बँकेचं मत हवं असेल तर ते कर्जदाराच्या हातून कधी घ्यायचे नाहीत. बँकेने बँकेला लिहायचं, उत्तर बंद पाकिटात टपालाने बँकेत. कर्जदार कितीही ओळखीचा असो, त्याने आणलेलं पाकीट उघडायचंसुद्धा नाही. "ओळखीचा असंल तर तर नाहीच नाही." आता सगळं ईमेलवर, पीडीएफमध्ये, लवकर लवकर. एका फोनने जे कळलं असतं ते कळायला वेळ लागला.

तीस हजार मागण्या, दोन-तीन मजूर

चाकणकडे येऊ. जेनसोलला नुसत्या गाड्या भाड्याने द्यायच्या नव्हत्या, स्वतःची छोटी इलेक्ट्रिक गाडी बनवायची होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात गाड्या मांडल्या, आणि महिनाअखेरीस शेअर बाजाराला कळवलं की ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे.

सेबीने कागद मागवले. निघाले नऊ संस्थांबरोबरचे सामंजस्य करार, मिळून २९,००० गाड्यांचे. त्यांत गाडीची किंमत नाही, कधी द्यायची ती तारीख नाही. फक्त इच्छा आहे एवढंच. आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेत दुकानापुढे उभा राहून "बघू, येताना घेतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाला गिऱ्हाईक धरलं तर संक्रांतीला सगळे लखपती होतील.

९ एप्रिल २०२५ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचा अधिकारी चाकणच्या कारखान्यात गेला. जागा भाड्याची. आत दोन-तीन मजूर. उत्पादन चालू असल्याची काही खूण नाही. त्याने एक शहाणपणाचं काम केलं, बारा महिन्यांची वीजबिलं मागितली.

अण्णांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं. त्यांना मी म्हणालो, पोरांना समजावून सांगा. त्यांनी सांगितलं ते असं. औद्योगिक जोडणीच्या बिलात एक भाग ठरलेला असतो, डिमांड चार्ज. शेडला कुलूप असलं तरी तो येतो. उरलेला भाग युनिटचा. यंत्र फिरलं तर तो वाढतो. म्हणून बिल किती आलं यापेक्षा त्यातलं ठरलेलं किती आणि फिरलेलं किती हे बघायचं. टॉवेलची मागणी तेजीत असली की तिन्ही पाळ्या चालतात आणि युनिट चढतात, निर्यात बसली की युनिट बसतात. ताळेबंद मार्चनंतर कधीतरी येतो, तोही सजवून. बिल दर महिन्याला येतं आणि मीटर काही कारखानदाराच्या सांगण्याने फिरत नाही.

"आणि गाडीचा कारखाना म्हणजे काय खेळ हाय का? वेल्डिंग हाय, रंगाची भट्टी हाय, काँप्रेसर हाय. नुसत्या जोडायच्या म्हटलं तरी एवढं बिल माझ्यासारख्याच्या शेडला येतंय की ओ."

मोटारीच्या कारखान्यात रंगकाम आणि तो रंग वाळवणाऱ्या भट्ट्या सगळ्यांत जास्त ऊर्जा खातात, हे खरंच आहे. अण्णांनी ते कुठे वाचलेलं नव्हतं. त्यांच्याकडे सूत रंगवून वाळवतात.

मला आदेशातल्या त्या एका पैशाचं कौतुक वाटलं. २६२ कोटींचा पत्ता नाही आणि महावितरणचा पैसा न पैसा नोंदलेला.

पडझड

बाकीचं झपाट्याने झालं. जून २०२४ मध्ये शेअर अकराशेच्या वर गेला होता. त्याच महिन्यात सेबीकडे तक्रार आली होती, भावाच्या चढउतारात फेरफार आणि पैसा वळवल्याची. तक्रार ते आदेश, दहा महिने. आदेशाच्या दिवशी शेअर १३० च्या घरात. दोघा भावांना बाजारात व्यवहार करायला आणि कंपनीत पद भूषवायला मनाई झाली. एका शेअरचे दहा तुकडे करायचा कंपनीचा ठराव होता, तो थांबवला. सेबीचं म्हणणं, त्याने आणखी लहान गुंतवणूकदार ओढले गेले असते. २०१९-२० मध्ये या कंपनीचे सामान्य भागधारक होते १५५. आदेशाच्या वेळी १,०९,८७२. त्याच काळात प्रवर्तकांचा हिस्सा सत्तर टक्क्यांवरून पस्तीसच्या आसपास आला होता. म्हणजे घरचे निम्मे जेवण उरकून उठले आणि पाहुण्यांच्या पंगती वाढत गेल्या.

१६ एप्रिलला ब्लूस्मार्टने गाड्यांचं बुकिंग घेणं थांबवलं. मे महिन्यात भावांनी राजीनामे दिले. जूनमध्ये इरेडाच्या सुमारे ५१० कोटींच्या थकबाकीवरून अहमदाबादच्या कंपनी न्यायाधिकरणाने जेनसोलला दिवाळखोरी प्रक्रियेत घेतलं, जुलैत ब्लूस्मार्टलाही.

यात सगळ्यांत कमी बोललं गेलं ते चालकांबद्दल. दहा हजारांच्या आसपास माणसं. उबरवाल्याकडे निदान गाडी राहते, एक ॲप बंद झालं तर दुसऱ्यावर धावते. यांची गाडी कंपनीची, त्यामुळे एका संध्याकाळी रोजगारच गेला. ग्राहकासाठी जी सोय होती तीच चालकाच्या मुळावर आली. आणि उभ्या गाड्या? विजेची गाडी नुसती उभी ठेवून चालत नाही. बॅटरी रिकामी होऊन तशीच पडली की कायमची खराब व्हायला लागते. टॅक्सीत वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीला जुन्या बाजारात गिऱ्हाईक आधीच कमी. मागाचं तसं नसतं. धोट्याचा जुना माग भंगारातही लोखंडाच्या भावाने जातो.

पोरांचं शेवटी मत पडलं की धंदा चांगला होता, मालकांनी खाल्ला. मला ते अर्धंच पटतं. सेवा चांगली होती. धंदा स्वतःच्या पायावर उभा राहतो का, हे तपासायची वेळच येऊ दिली नव्हती. तोटा झाला तरी तो भाड्याच्या रूपाने शेजारच्या पुस्तकात उत्पन्न म्हणून दिसत होता. अप्रामाणिकपणा नसता तर ही कंपनी तगली असती असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ६,४०० गाड्यांचे हप्ते, चार्जिंगच्या जागांची भाडी आणि चालकांची हमीची कमाई एका कागदावर मांडून बघावी. फक्त भाड्याने घेणारा परका आहे असं धरून मांडावी.

बैठक मोडता मोडता एका मुलीने बँकवाल्या साहेबांना विचारलं, "सर, साइट व्हिजिटला गेल्यावर नक्की बघायचं काय असतं?"

"आधी ऐकायचं," साहेब म्हणाले. "शेडपाशी पोचायच्या आधी खडखडाट ऐकू आला पाहिजे. आपण आत गेल्यावर माग चालू झाले तर ते आपल्यासाठी चालू केलेत. म्हणून मी आत गेलो की मोटरला हात लावायचो. आत्ता चालू केलेली मोटर गार असते."

अण्णा म्हणाले, "पुढच्या रविवारी या की सगळे. सुट्टी मंगळवारी असते आमची."

गेलो. अक्कलकोट रोडवर वळताच आवाज यायला लागला. आत बोललेलं ऐकू येत नव्हतं, सगळ्यांच्या केसांवर कापसाची भुरी. कांड्यांच्या पेट्यांमधून वाट काढत ती मुलगी कडेच्या मागापाशी गेली, मोटरच्या कव्हरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. अण्णा हसले. ऑफिसात आल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून गेल्या महिन्याचं बिल काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने रुपयांकडे बघितलं नाही. आधी युनिटचा रकाना शोधला.